लक्ष्मीबाई टिळकांचे घर

ज्या मराठी घरात पुस्तकांची एखादी लहानशी फळी आहे, तेथे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक बहुधा आढळतेच. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलामुलींनी त्यातील एखादा उतारा वाचला असेल व वाचता वाचता ती पोट धरून हसलीही असतील. परंतु उतारा वाचून हसणे निराळे आणि ते हसू ज्या घरातून आले त्या घराने काय काय सोसले हे जाणणे निराळे. दिवस अनिश्चिततेचे असले म्हणजे मनुष्य सुख बाहेर शोधू लागतो, आणि बाहेर ते सापडले नाही म्हणजे खिन्न होतो. ज्या बाईची हकीकत आम्ही येथे देत आहो तिच्या आयुष्यातील बहुतेक दिवस अनिश्चिततेचेच होते. आज येथे तर उद्या तेथे, आज पगार तर उद्या नाही, आज पती घरात तर उद्या कोणत्या गावी आहे याचा पत्ता नाही. असे असूनही तिचे घर मराठी वाङ्मयातील अत्यंत आनंदी घरांपैकी एक ठरले. हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 साली नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरात सर्व तिला मनू म्हणत. वडील अत्यंत कर्मठ. सोवळ्याचे त्यांस जणू वेडच लागले होते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यायचा नाही, कोणाचा स्पर्श झाला की पुन्हा स्नान, आणि या सर्वांचा भार घरातील बायकांवर व मुलांवर. लहानग्या मनूने हे सगळे भोगले आणि पुढे त्यातल्या हास्यास्पद गोष्टींचे वर्णनही मोठ्या खुमासदारपणे केले. पण वाचकांनी एक ध्यानात ठेवावे. बालपणी अंगी मुरलेला विटाळाचा धाक हसण्यावारी नेल्याने जात नाही. तो त्यांच्या मनात कितीतरी वर्षे घर करून राहिला, आणि त्यांच्या आयुष्यातील मोठी लढाई पुढे त्याच्याशीच झाली.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळक या तरुणाशी झाले व ती लक्ष्मी झाली. नारायणरावांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला होता. आई बालपणीच गेली, वडिलांचा स्वभाव कठोर, तेव्हा मुलगा घर सोडून नाशिकास आला व तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृत शिकला. बुद्धी तल्लख, वाणी रसाळ, कवित्व जन्मजात. पण एके ठिकाणी स्थिर राहणे हे मात्र त्यांच्या कुंडलीत नव्हते. आज शिक्षक, उद्या पुराणिक, परवा संपादक. नोकरी धरली काय नि सोडली काय, त्यांस सारखेच. हाती पैसा आला तर तो घरापर्यंत पोहोचेलच असा भरवसा नसे, कारण वाटेत एखादा गरजू भेटला की तो तेथेच संपे. राग आला की घर डोक्यावर घ्यावे, आणि घटकाभराने लहान मुलासारखे रडावे, असा त्यांचा स्वभाव. कित्येकदा कोणास न सांगता ते निघूनही जात. मग लक्ष्मीबाईंनी माहेरी किंवा बहिणीकडे दिवस काढावे आणि पत्राची वाट पाहावी. पहिली अपत्ये बालपणीच गेली. 1891 साली दत्तूचा, म्हणजे पुढे लेखक म्हणून प्रसिद्धीस आलेल्या देवदत्त टिळकांचा जन्म झाला, तेव्हा कोठे त्यांच्या ओटीत मूल राहिले.

या काळात टिळक नागपुरास श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास होते व संस्कृत ग्रंथांचे काम पाहत होते. त्यांनी 'ऋषि' नावाचे मासिकही काढले. मनात मात्र एकच घोर. हा देश जातिभेदाने पोखरला आहे, याचा उद्धार कोणत्या धर्माने होईल? स्वतःच एखादा नवा धर्म काढावा, इतक्या थरापर्यंत त्यांचे विचार गेले होते. 1893 साली नागपुराहून राजनांदगावास, म्हणजे आज छत्तीसगडात असलेल्या गावी, जात असता आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन गृहस्थाची गाठ पडली. काव्यावरून गोष्टी निघाल्या, त्या धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भविष्य केले. टिळकांनी पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून ते वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन पोहोचले आणि तेथेच खिळून राहिले. ज्या प्रश्नांनी त्यांची झोप उडवली होती त्यांची उत्तरे त्यांस तेथे भेटली. पुढे दोन वर्षे आतल्या आत झगडा चालला. शेवटी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे. टिळकांची श्रद्धा खरी होती आणि तिची किंमत त्यांनी पुरेपूर मोजली, यात शंका नाही. परंतु ज्या स्त्रीचे सर्व आयुष्य त्यांच्या आयुष्याशी बांधलेले होते तिला ही गोष्ट विश्वासात घेऊन त्यांनी सांगितली नाही. ती तिला पतीच्या तोंडून न कळता नातलगांकडून कळली. त्या काळच्या ब्राह्मण समाजात याचा अर्थ काय होता, हे आजच्या मुलांस समजावून सांगितले पाहिजे. पती जिवंत, आणि तरीही तो मेल्यासारखाच. त्याच्या हातचे पाणी चालत नाही, त्याच्या पंक्तीस बसता येत नाही. कपाळी कुंकू आहे, पण घर नाही. चार वर्षांचा मुलगा पदराशी, त्याला कोणी बापाचे नाव विचारले तर काय सांगावे? लक्ष्मीबाईंची दशा वेड्यासारखी झाली. जिवाचे काही बरेवाईट करून घेतील या भयाने नातलग त्यांस दृष्टीआड होऊ देत ना.

त्या नातलगांविषयीही दोन शब्द लिहिणे न्यायाचे होईल. धर्मांतराच्या कथा सांगताना नातेवाइकांस दुष्ट ठरविण्याची एक रीत पडून गेली आहे. लक्ष्मीबाईंनी स्वतः ती रीत पाळली नाही. बहीण आणि मेहुणे पेंडसे यांनी त्यांस व दत्तूस आपल्या घरी ठेवले, पंढरपुरास असताना सांभाळले आणि लोकनिंदेची झळ आपणही सोसली. त्या घरात लक्ष्मीबाईंस अन्न मिळाले तसेच प्रेमही मिळाले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या तरी या माणसांविषयीची कृतज्ञता त्यांच्या शब्दाशब्दांतून वाहताना दिसते. स्वतःचा नवा धर्म उजळ दिसावा म्हणून जुन्या घराला काळे फासण्याची त्यांस गरज भासली नाही. आमच्या मते त्यांच्या मनाच्या मोठेपणाची ही पहिली खूण होय.

याच वियोगाच्या काळात दुःख अनावर होऊन त्या पद्ये रचू लागल्या. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. पतीने अक्षरओळख करून दिली होती, तेवढीच काय ती विद्या. पण रडून जे हलके होत नाही ते ओळी जुळवून हलके होते, हे त्यांस उमगले. इकडे टिळक नगरास अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले होते. तेथून त्यांची पत्रांवर पत्रे येत. कधी विनवणी, कधी राग, कधी कविता. आपला धर्म सोडून ये असे त्यांचे म्हणणे नव्हते. तू आपल्या धर्माने राहा, परंतु आपण एकत्र राहू, असे ते लिहीत. होता होता वर्षांमागून वर्षे गेली. मुलाची तब्येत, बहिणीच्या घरावरील भार, आणि सर्वांत मुख्य म्हणजे त्या लहरी, प्रेमळ, अव्यवहारी माणसाची ओढ, या सर्वांचा परिणाम होऊन अखेरीस लक्ष्मीबाई नगरास, ज्याला आता अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे त्या शहरी, जाण्यास तयार झाल्या.

गेल्या खऱ्या, पण आपली चूल घेऊन! त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, सोवळे वेगळे. एका छपराखाली दोन धर्म आणि त्यांच्यामध्ये एक चूल. ख्रिस्ती शेजारणी भेटीस आल्या तर त्यांस बसावयास सांगावे आणि गेल्यावर जागा धुऊन काढावी. आल्या माणसाशी गोड बोलावे आणि मनातून अंग चोरून घ्यावे. या विसंगतीची त्यांची त्यांसच पुढे लाज वाटली, पण त्या वेळी ते सर्व मनापासून चालले होते. टिळकांची या वेळची वागणूक मात्र वाखाणण्यासारखी आहे. ज्या पुरुषाला क्षणाचाही धीर नसे, जेवण वाढायला उशीर झाला तर जो ताट टाकून उठे, त्याने या एका गोष्टीत अपार धीर धरला. बायकोच्या सोवळ्याची त्याने थट्टा केली असेल, पण ते बळाने मोडले नाही. तिच्या चुलीजवळ तो गेला नाही. आपली प्रार्थना मात्र सोडली नाही. घरात राहणारी बाई हे रोज पाहत होती. रागीट मनुष्य पूर्वीपेक्षा थोडा लवकर शांत होतो आहे, चुकल्यावर क्षमा मागतो आहे, हे प्रवचनातून सांगावे लागत नाही. ते स्वयंपाकघरातून दिसते.

आमच्या मिशनांतून शुभवर्तमान पसरविण्याचे कितीतरी मार्ग योजिले गेले आहेत. व्याख्याने झाली, पत्रके वाटली गेली, बाजारात उभे राहून गाणी म्हटली गेली. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत यांपैकी एकाचाही फारसा उपयोग झालेला दिसत नाही. वादविवादात त्या कोणासही हार जाणाऱ्या नव्हत्या, आणि पतीस तर मुळीच नव्हत्या. त्यांचे परिवर्तन झाले ते एका साध्या प्रश्नाने, आणि तोही त्यांच्याच मनाने त्यांस विचारलेला. राहुरीच्या वास्तव्यात, महाबळेश्वराच्या प्रवासाच्या सुमारास, एका रात्री त्यांस झोप येईना. जात देवाने केली की माणसाने, असा विचार मनात घोळू लागला. पशूंच्या जाती पाहाव्या तर देवाने त्यांस निरनिराळे आकार दिले आहेत. घोडा आणि बैल कोणासही वेगळे ओळखता येतात. मग ब्राह्मण आणि महार यांची घडण एकच कशी? जन्म एक, मरण एक, भूक एक, रक्त एक. देवाला भेद करायचा असता तर त्याने तो अंगावर उमटविला नसता काय? ज्या अर्थी त्याने उमटविला नाही त्या अर्थी तो आपलाच खेळ आहे. रात्र सरता सरता निश्चय झाला की उद्यापासून कोणाच्याही हातचे खावयाचे, प्यावयाचे.

वाचकहो, हा विचार एखाद्या विद्वानाने ग्रंथात मांडला असता तर त्यात विशेष काही नव्हते. जलालपूरच्या त्या धुतल्या घरात वाढलेल्या, अक्षरशत्रू म्हणता येईल अशा बाईने तो एकटीने, अंथरुणावर पडल्या पडल्या केला, आणि दुसऱ्या दिवशीपासून आचरणातही आणला, यात त्याचे मोल आहे. पुष्कळांचे विचार डोक्यातून हातापर्यंत यावयास जन्म लागतो. यांचे एका रात्रीत आले. चूल एक झाली. विटाळाचा धाक गेल्यावर जे ओझे उतरले त्याचा आनंद त्यांस इतका झाला की मागाहून ख्रिस्ताकडे वळणे त्यांस कठीण वाटले नाही. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षे दुभंगलेले घर पुन्हा सांधले गेले.

कोणी म्हणेल, येथपासून सुखाचे दिवस आले असतील. छे! दिवस तेच होते. 1896 साली मुंबईत शिरलेला प्लेग गावोगाव हिंडत होता, आणि 1899-1900 सालचा दुष्काळ तर महाराष्ट्र, गुजरात, राजपुताना अशा सर्व प्रांतांत छप्पन्नचा दुष्काळ या नावाने वृद्धांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षे होता. नगर जिल्हा मुळातच अवर्षणाचा. तेथे तर हाहाकार उडाला. आईबापांवेगळी झालेली मुले रस्त्यावर येऊ लागली. नगरच्या मिशनचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी दुष्काळपीडितांसाठी केलेल्या कार्याबद्दल त्यांस पुढे कैसर-इ-हिंद पदक मिळाले, यावरून त्या कामाचा पसारा ध्यानात येईल. टिळकांच्या घरातही पोरकी मुले आली. आणणारे टिळक, आणि त्यांस न्हाऊमाखू घालून, उवा काढून, भाकरी थापून वाढविणाऱ्या लक्ष्मीबाई! टिळकांनी दारातून एखादे मूल आत आणावे, आणि आज डब्यात पीठ किती आहे याचा हिशेब बाईंनी मनात करावा, असा या घराचा नित्यक्रम होता. ज्या मुलांची जात काल त्यांस दुरूनही चालली नसती त्यांचीच डोकी आज त्यांच्या मांडीवर होती. प्लेगच्या दिवसांतही त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. ज्यांच्या जवळ त्यांचे सख्खे नातेवाईक जाण्यास धजत नसत त्यांच्या उशाशी या बाई बसल्या. सोवळे सुटले म्हणजे काय सुटते आणि त्या जागी काय येते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

अशा घरात हसे पिकत होते, हे नवल. टिळक बाजारात गेले की भाजीऐवजी काहीतरी भलतेच घेऊन परत येत; पाहुण्यांस आमंत्रण देऊन बसत आणि घरात सांगावयास विसरत. बाई चिडत, दोघांचे कडाक्याचे भांडण होई, आणि भांडणाच्या ऐन भरात एखाद्या शब्दावर दोघेही खदखदून हसू लागत. लक्ष्मीबाईंनी आपल्या पतीस कधी देव्हाऱ्यात बसविले नाही. त्याचे दोष त्यांस पाठ होते, आणि ते त्यांनी जगासमोर मांडले आहेत. पण ज्या माणसाचे दोष इतक्या प्रेमाने सांगितले जातात त्याच्याविषयी वाचकाच्या मनात आदर वाढतच जातो, हा चमत्कार आहे. स्वतःची फजिती सांगताना तर त्यांच्या लेखणीस विशेष उत्साह येई.

टिळक आता मराठी कवितेत अग्रभागी आले होते. फुले आणि मुले हे त्यांचे आवडते विषय. मुलांसाठी असलेले 'बालबोधमेवा' मासिक त्यांच्या हातून निघे. 1904 साली त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि 1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे आले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही जी गीते गायिली जातात त्यांतील पुष्कळ त्यांची आहेत. परक्या चालींवर बसविलेली भाषांतरे म्हणत बसण्याऐवजी आपल्या लोकांनी आपल्या अभंगांतून, ओव्यांतून, कीर्तनातून ख्रिस्ताची स्तुती करावी, असा त्यांचा आग्रह होता, आणि तो त्यांनी स्वतः पदे रचून सिद्धीस नेला.

1907 साली जळगावास कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाच्या सतरा वर्षांच्या लाजाळू मुलाने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. त्यास बालकवी ही पदवी तेथेच मिळाली. टिळकांनी त्यास नगरास आपल्या घरी आणले. हा मुलगा ख्रिस्ती नव्हता व पुढेही झाला नाही. पण लक्ष्मीबाईंच्या घरी तो त्यांच्या मुलासारखा राहिला. मनाने हळवा, क्षणात रुसणारा, क्षणात आकाशाकडे पाहत तंद्री लावून बसणारा. घरात असा एक कवी आधीच होता, दुसरा आला! दोघांस वेळेवर जेवू घालणे हे काही लहानसे काम नव्हे. मराठीतील निसर्गकवितेच्या इतिहासात बालकवींचे नाव मोठे आहे. त्या इतिहासात लक्ष्मीबाईंच्या भाकरीचाही थोडा वाटा आहे, असे आम्ही म्हटले तर टीकाकार रागावणार नाहीत अशी आशा आहे.

मग 1917 साल उजाडले. युरोपात महायुद्ध पेटलेले, इकडे महागाई वाढत चाललेली. अशा वेळी टिळकांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. पगारी सेवक म्हणून ख्रिस्ताचे नाव सांगणे त्यांच्या मनास पटेना. भगवी वस्त्रे नेसून त्यांनी संन्यास घेतला, सातारा येथे राहावयाचे ठरविले, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त जेथे भाऊ म्हणून एकत्र बसतील असा 'देवाचा दरबार' स्थापण्याचा संकल्प सोडला. कल्पना उदात्त. पण गृहिणीच्या दृष्टीने पाहिले तर महिन्याच्या पहिल्या तारखेस येणारी रक्कम बंद झाली होती, आणि संन्याशाचा संसार मात्र चालवावयाचा होता! लक्ष्मीबाई प्रथम घाबरल्या, रागावल्या, नंतर पदर खोचून कामास लागल्या. नवऱ्याने 1895 साली त्यांस न विचारता एक उडी घेतली होती, ही दुसरी. पहिल्या वेळी त्या काठावर राहून पाच वर्षे रडल्या. या वेळी त्या बरोबर गेल्या. या दोन उड्यांच्या मधल्या बावीस वर्षांत त्यांच्या आत जे काही घडले होते त्याचे माप यावरून करावे.

घाव मात्र एकामागून एक आले. 5 मे 1918 रोजी खानदेशात भादली स्टेशनजवळ रुळांवर आगगाडीच्या अपघातात बालकवी गेले. वय अवघे सत्तावीस. त्यानंतर एक वर्षाने, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळकांचे देहावसान झाले. दरबाराचे स्वप्न अर्धेमुर्धे राहिले, आणि 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचे महाकाव्य दहाएक अध्यायांपाशी थांबले. शिल्लक टाकण्याची सवय या घरास नव्हतीच. पन्नाशीच्या उंबरठ्यावर लक्ष्मीबाई विधवा झाल्या.

पोटासाठी त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचे काम पत्करले. पुढे मुलाच्या नोकरीनिमित्त, आज पाकिस्तानात असलेल्या कराचीस त्या राहावयास गेल्या. मराठीशिवाय दुसरी भाषा धड न येणारी बाई सिंधी व हिंदी बोलणाऱ्यांच्या शहरात! तेथेही त्यांनी माणसे जोडली, चुकीच्या शब्दांनी हशा पिकविला, आणि कीर्तने केली. कीर्तनास उभे राहणारी स्त्री त्या काळी विरळा, आणि ख्रिस्ताचे कीर्तन करणारी तर त्याहून विरळा. टिळक हयात असताना ज्यांनी बव्हंशी पडद्यामागे राहून घर राखले त्या आता स्वतः सभेपुढे उभ्या राहिल्या.

यानंतरचे काम तर अधिकच आश्चर्याचे. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी हाती घेतले. मराठीत ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्याची परंपरा जुनी आहे. गोव्यात फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. परंतु फादर स्टीफन्स हे विद्वान जेझुइट होते. लक्ष्मीबाईंस जोडाक्षर लिहितानाही अडखळावयास होई. तरीही टिळकांचे दहाएक अध्याय सोडले तर या विस्तीर्ण काव्यातील बाकीचे जवळजवळ सर्व अध्याय त्यांनी रचिले. टिळकांच्या ओवीतील पांडित्य त्यांच्या ओवीत नाही, असे जाणकार म्हणतील, व ते खरेही आहे. मात्र येशूची आई मरिया, मार्था, विहिरीवर पाणी भरणारी शमरोनी स्त्री यांच्याविषयी लिहावयाचे झाले तर पाण्याच्या घागरीचे वजन ज्याच्या कमरेस ठाऊक आहे त्यानेच ते लिहावे, असे आम्हांस वाटते. ग्रंथ प्रसिद्ध झाला 1938 साली. तो छापलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

'स्मृतिचित्रे' मात्र त्यांच्या हयातीत लोकांपुढे येऊ लागली. देवदत्तांस वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईस आठवणी लिहून काढण्यास सांगितले. आईने लिहावयास आरंभ केला आणि चरित्राचे सामान म्हणून काढलेल्या त्या आठवणीच एक स्वतंत्र ग्रंथ होऊन बसल्या. पहिला भाग 1934 च्या डिसेंबरात निघाला, आणि एकंदर चार भाग 1937 पर्यंत पूर्ण झाले. बोलावे तसे लिहिलेले, अलंकाराचा लवलेश नसलेले हे गद्य वाचून मोठमोठे पंडित चकित झाले. इंग्रजीतही त्याची भाषांतरे झाली. पहिले 1950 साली निघाले आणि एकविसाव्या शतकात आणखी एक, संपूर्ण असे, प्रसिद्ध झाले. मराठीत तर त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या आहेत.

त्या पुस्तकात एक गोष्ट आम्हांस पुनःपुन्हा आश्चर्यात टाकते. त्यात उपदेश जवळजवळ नाही. ज्या श्रद्धेसाठी या घराने जात, आप्त, पैसा, मान सर्व गमावले, तिचे समर्थन करण्यासाठी त्या कोठेही हमरीतुमरीवर येत नाहीत. देव त्यांच्या पुस्तकात पिठाच्या डब्याजवळ, आजारी मुलाच्या उशाशी, नवऱ्याच्या विसरभोळेपणात आणि मध्यरात्री दार ठोठावणाऱ्या पाहुण्यात सहज येऊन जातो; त्याची घोषणा होत नाही. कदाचित म्हणूनच हिंदू, ख्रिस्ती, कोणत्याही मताच्या घरी हे पुस्तक आपलेच म्हणून वाचले जाते.

अखेरची वर्षे नाशिकास गेली, गोदावरीच्या त्याच काठी, जलालपुरापासून जवळ. घरात मुलगा होता, सून होती, नातवंडांची किलबिल होती, आणि आल्यागेल्याची वर्दळ पूर्वीसारखीच. 'स्मृतिचित्रे'चे लेखन अद्याप संपले नव्हते. 24 फेब्रुवारी 1936 रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला, आणि राहिलेल्या भागाची लेखणी दत्तूच्या हाती आली.